म्युरिया म्हणजे मिठागराचं पाणी

आत काय आहे ते कळल्याशिवाय जगातल्या कुठल्याही द्रवपदार्थावर विश्वास ठेवायचा नाही, हा नियम फिनाइलपासून पंचामृतापर्यंत सारख्याच कडकपणे पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझे मामेसासरे. आमच्या घरच्या सत्यनारायणाला गुरुजींनी पळीभर तीर्थ हातावर घातलं, तर मामा ते तसंच ओंजळीत धरून विचारणार, "यात दह्याचं प्रमाण किती?" गुरुजी नवीन असले तर गोंधळतात. जुने असले तर सांगून टाकतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. माझी आणि मामांची पहिली भेट झाली ती मला बघायला आलेल्या मंडळींत. मी चहाचा ट्रे पुढे केला. सगळ्यांनी कप उचलले. मामांनी कप हातभर लांब धरला आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने कपावरची वाफ हळूच नाकाकडे ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या आईला वाटलं, मुलाकडचे कोणी वडीलधारे चहाची दृष्ट काढतायत, म्हणून ती पदर सावरून उभी राहिली. मग मामा म्हणाले, "आलं आहे. वेलची नाही. घ्यायला हरकत नाही." प्रयोगशाळेत कुठल्याही बाटलीत नाक खुपसायचं नसतं, वास असा हाताने बोलवून घ्यायचा असतो, हे मला पुढे कळलं. तोवर आमच्या नात्यातल्या दोन बायकांनी ही चांगल्या घराण्याची रीत समजून उचललीही होती.

मामा निवृत्त झाल्यावर मामींना घेऊन भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायला आले, आणि त्यांच्याच सांगण्यावरून दोन वर्षांनी आम्हीही त्याच बिल्डिंगमध्ये घर घेतलं. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्यावर. "कॉलेजात केमिस्ट्रीला होते," एवढीच त्यांच्या नोकरीची माहिती आमच्या घरात सांगितली जायची आणि तेवढी सगळ्यांना पुरायची. बिल्डिंगने त्यावरून त्यांना परस्पर प्रोफेसर करून टाकलं होतं. वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळे त्यांना 'सर' म्हणत. मामा त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत, फक्त चष्मा पुसत.

मामांचं आवडतं वाक्य म्हणजे, "अ‍ॅसिड हे आडनाव झालं. नाव सांगा." आमच्या भागात सकाळी स्कूटरवर दोन्ही बाजूंना कॅन लावून एक माणूस फिनाइल आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड विकायला येतो. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत तो ते ओतून देतो. त्याला मामांनी एकदा गेटवर अडवलं.

"भैया, ये कौन सा अ‍ॅसिड है?"

"बाथरूमवाला."

"बाथरूमवाला मतलब?"

"पीलावाला, अंकल."

"पिवळं का आहे माहीत आहे का? त्यात लोखंड उतरलंय. शुद्ध असतं ते पाण्यासारखं दिसतं. आणि याचं नाव म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड. म्युरिअ‍ॅटिक! म्युरिया म्हणजे लॅटिनमध्ये खारं पाणी, मिठवणी. मिठापासून काढलेलं आम्ल, म्हणून म्युरिअ‍ॅटिक. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला हायड्रोक्लोरिक म्हटलं, पण धंद्यात अजून जुनंच नाव चालतं."

त्या माणसाला मराठी नीट समजत नव्हतं, पण मामांचा आवाज ऐकून त्याने स्कूटर स्टँडवर लावली आणि हात जोडून म्हणाला, "अंकल, मैं कल से नहीं बेचूंगा." मामा चार दिवस त्याची वाट पाहत राहिले, कारण सांगायचा अर्धा भाग बाकी होता. जुने किमयागार मीठ आणि हिराकस एकत्र तापवून जी वाफ धरत, तिला ते मिठाचा आत्मा म्हणत, हा तो भाग. तो अखेर मला ऐकावा लागला, लिफ्टमध्ये, वीज गेलेली असताना.

हा एक शब्द मामांच्या आयुष्यात असा काही भरून राहिला होता, की तो त्यांना कुठेही सापडे. रोह्याहून कोणा नातेवाइकाने भाताबरोबर खताचं एक रिकामं पोतं पाठवलं. त्यावर इंग्रजीत म्युरेट ऑफ पोटॅश असं ठसठशीत छापलेलं. मामांनी ते स्वतः तीन पाण्यांतून धुतलं आणि मामींकडून त्याची भाजीची पिशवी शिवून घेतली, अक्षरं दर्शनी भागावर येतील अशी. ती पिशवी घेऊन ते बाजारात उभे राहिले, की भाजीवाल्याची सुटका नसे. "हे बघ, म्युरेट. तोच शब्द. तुझ्या कोबीलासुद्धा तो लागतो." मामांना एकदा सारख्या शिंका येत होत्या म्हणून मामी त्यांना होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. मामांनी बाटली उजेडात धरून नाव वाचलं, नेट्रम म्युरिअ‍ॅटिकम, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की डॉक्टरांना वाटलं औषधाने हात लावताच गुण दिला. "डॉक्टर, तुम्ही मला मीठ दिलंत," मामा गहिवरून म्हणाले. मामी म्हणाल्या, "मग एवढ्या लांब कशाला आलो? घरात बरणीभर आहे." शिंका तिसऱ्या दिवशी थांबल्या. त्याचं श्रेय मामांनी शब्दाला दिलं आणि मामींनी बदललेल्या हवेला.

मामी हे प्रकरण एका वेगळ्याच शांतपणे सांभाळून होत्या. मामा एक दिवस इंडस्ट्रियल इस्टेटकडे फिरून आले. तिथे लोखंडी पत्र्यावरचा गंज याच अ‍ॅसिडात बुडवून काढतात आणि त्या कामाला इंग्रजीत पिकलिंग म्हणतात, हे त्यांनी दारावरच्या पाटीवर वाचलं होतं. मामी कैरीच्या फोडींना मीठ लावत बसल्या होत्या. मामा म्हणाले, "तुझं लोणचं आणि त्यांचा पत्रा, दोघांना इंग्रजीत एकच शब्द आहे. आणि आपलं लोणचं तरी कुठून आलं? लवणातून. म्हणजे सगळं शेवटी मिठाशीच येतं." मामींनी मान वर न करता विचारलं, "मग जेवायला इथे बसताय, की पत्र्याकडे जाताय?" सोन्याच्या जुन्या पाटल्या मोडायला गेल्यावरही तेच झालं. सोनं कशात विरघळत नाही, पण या अ‍ॅसिडाचे तीन भाग आणि शोऱ्याच्या तेजाबाचा, म्हणजे नायट्रिकचा, एक भाग मिसळला की अम्लराज तयार होतो आणि त्यात सोनं साखरेसारखं विरतं, असं मामा सोनाराला रंगवून सांगू लागले. सोनाराने पाटल्या हळूच काचेच्या पेटीत सरकवून कुलूप लावलं. मामी म्हणाल्या, "घाबरू नका हो. यांच्याकडे नुसते शब्दच असतात."

पण सगळाच प्रकार शब्दांचा नव्हता. आमच्या बिल्डिंगचे जिने आणि खालचा वॉचमनचा संडास धुवायला पेणकरपाड्याहून वनिताबाई येतात. चाळिशीच्या, ठसठशीत बांध्याच्या, कामाला वाघ. त्यांच्या खोलीत, म्हणजे मीटरच्या शेजारच्या कोनाड्यात, सहासात बाटल्या एकसारख्या उभ्या असत. फिनाइल, अ‍ॅसिड, काच पुसायचं निळं पाणी, सगळं कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत. मामांनी ते पाहिलं आणि त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातांनी लेबलं लिहिली. त्यांचं अक्षर म्हणजे छापील. प्रत्येक बाटलीवर नाव, आणि खाली सूचना. अ‍ॅसिडच्या बाटलीवर लिहिलं होतं, 'म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड, म्हणजे मिठाचं आम्ल. ब्लीचिंग पावडरशी याची सोयरीक करू नये. दोघांचं लग्न लागलं तर वऱ्हाड मरेल.' वर पिवळ्या शाईत एक कवटी काढली होती. ती थोडी हसल्यासारखी दिसायची, कारण मामांना दात काढता येत नव्हते.

ही कवटी जिग्नेशभाईंना आवडली नाही. जिग्नेशभाई आमचे सेक्रेटरी. मनाने चांगले, पण घरं बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर बिल्डिंग कशी दिसते याची त्यांना फार काळजी. "सर, कोनाड्यात खोपडी काढलीय तुम्ही. लोक विचारतात, ये बिल्डिंग में क्या होता है?" मामांनी त्यांना म्युरियापासून समजावायला सुरुवात केली. जिग्नेशभाईंनी विषय सोसायटीच्या मीटिंगवर ढकलला, आणि त्या मीटिंगमध्ये ते घडलं, जे घडायला नको होतं. मामा उभे राहून बोलत होते. क्लोरीन वायू, त्याचे गुणधर्म वगैरे. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही कुठल्या वर्गाला शिकवायचात?" प्रश्न साधाच होता. मामा थांबले. तेवढ्यात जिग्नेशभाईंचा पुतण्या, जो त्याच कॉलेजात शिकला होता, सहज बोलून गेला, "अरे, ये टीचर नहीं थे. लॅब में अटेंडंट थे. बाटल्या धुवायचे. मला आठवतात."

तो काही वाईट हेतूने बोलला नव्हता. पण कोणीतरी हसलं, आणि मग ते हसू जरा पसरलं. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं." आणि खाली बसले. सोसायटीच्या मालमत्तेवर परवानगीशिवाय काहीही चिकटवू नये, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर मामा कोनाड्यासमोर स्टुलावर बसून कोमट पाण्याने एकेक लेबल भिजवून काढत होते. कागद फाटू नये इतक्या हलक्या हाताने. मी म्हटलं, "मामा, वनिताबाईंना सांगा ना, त्या काढतील." ते म्हणाले, "नको. बाटली धुवायचं काम मला जमतं." त्या बोलण्यात कडवटपणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो नव्हता.

त्यानंतर मामा बोलायचे बंद झाले. म्हणजे चहा दे, पेपर कुठे आहे, एवढं बोलत. पण भाजीवाला सुटला, सोनार सुटला, आणि लिफ्टमध्ये मी वीज जायची वाट बघू लागले तरी उपयोग होईना. बिल्डिंगमध्ये त्यांना आता सर म्हणावं की काका, हे कोणाला ठरवता येईना, म्हणून लोक नुसतेच हसून बाजूला होत. मामी मला एकदा हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं मी म्हणत होते, जरा गप्प बसा. आता बसलेत तर घर खायला उठतंय."

असा महिना-दीड महिना गेला. बिल्डिंगला रंग काढला, रंगारी गेले, आणि जाताना खालच्या संडासाच्या लादीवर सिमेंट आणि रंगाचे डाग सोडून गेले. एका शनिवारी सकाळी मी सुट्टीवर होते, म्हणून मामांना मुद्दाम बाजारात घेऊन गेले होते. परत येताना ते पिशवी सांभाळत माझ्या मागून चालत होते. पार्किंगमध्ये शिरलो आणि ते एकदम थांबले. मी मागे वळून बघते, तर त्यांचं नाक वर होतं. या वेळी त्यांनी हाताने वास बोलावला नाही.

"कोण आहे आत?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"वनिता है, सर. लादी घिस रही है. अ‍ॅसिड से दाग नहीं निकल रहा था तो सेठने टाकीवाला पावडर दिया."

टाकीवाला पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर. जिग्नेशभाईंनी बिचाऱ्यांनी मदत म्हणूनच डबा आणून दिला होता. मामांनी पिशवी माझ्या हातात कोंबली, वॉचमनच्या बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं, तो तोंडावर धरला, आणि त्या अरुंद दारातून आत गेले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. आतून खोकल्याचा आवाज येत होता, पण तो बाईचा आहे की पुरुषाचा, कळत नव्हतं. मी पुढे झाले तशी वॉचमनने मला दंडाला धरून मागे ओढलं. मग मामा पाठमोरे बाहेर आले, वनिताबाईंना दोन्ही काखांत धरून ओढत. वनिताबाईंचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि श्वास घेताना छातीतून शीळ वाजत होती.

तोवर गडबड ऐकून जिग्नेशभाई आणि बिल्डिंगमधली पाचसहा माणसं पार्किंगमध्ये धावत आली होती. पुढची दहा मिनिटं मी जो माणूस पाहिला, तो मला आधी माहीत नव्हता. मामांचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक वाक्य सरळ त्या-त्या माणसापाशी जात होतं. "आत कोणी जायचं नाही. पाणी ओतायला पण नाही. जिग्नेशभाई, दोन्ही गेटं सताड उघडा. तुम्ही सगळे वर जा, पहिल्या मजल्यावर. हा वायू जड असतो, खाली बसतो, म्हणून खाली उभं राहायचं नाही. सूनबाई, हिला बाहेर रस्त्यावर वाऱ्यावर ने, डोळ्यांवर पाणी घालत राहा, थांबू नकोस. रिक्षा." जिग्नेशभाईंनी दोन्ही गेटं उघडली, रिक्षा आणली, आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकून बसले.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, "काय झालं?" जिग्नेशभाई म्हणाले, "अ‍ॅसिड." मामा खोकत होते, तरी त्यांनी हात वर केला. "अ‍ॅसिड नाही. क्लोरीन. म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर, बंद जागा, पाचसहा मिनिटं." डॉक्टरने ते लिहून घेतलं. मामा पुढे म्हणाले, "जुन्या पुस्तकांत क्लोरीनलाच ऑक्सिम्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड म्हणत. त्यात ऑक्सिजन आहे असं वाटायचं लोकांना. नंतर कळलं, ते स्वतंत्र मूलद्रव्य आहे. तोवर त्याने कापडं मात्र पांढरी करून घेतली." हे डॉक्टरने लिहून घेतलं नाही. पण मामांकडे नीट बघून विचारलं, "तुम्ही केमिस्ट्रीचे प्रोफेसर आहात का?"

जिग्नेशभाई माझ्या शेजारीच उभे होते. ते जमिनीकडे बघायला लागले.

"नाही," मामा म्हणाले. "मी बाटल्या धुवायचो. धुताना आत काय होतं ते माहीत असावं लागतं."

डॉक्टरने दोघांनाही ऑक्सिजन लावला. वनिताबाई निमूट पडून होत्या. मामा मात्र मास्क घालूनही मान वाकडी करून सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न करत होते, आणि नर्स त्यांची मान सारखी सरळ करत होती. तासाभरात मामी आल्या. त्यांनी मामांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलतायत का?" मी म्हटलं, "हो. ऑक्सिम्युरिअ‍ॅटिकपर्यंत आलेत." मामी बाकावर बसल्या आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा रडल्या.

वनिताबाईंना दोन दिवस ठेवून घरी सोडलं. जिग्नेशभाई दुसऱ्याच दिवशी मामांकडे आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून म्हणाले, "काका, डबा मीच दिला होता. मला माहीत नव्हतं. म्हणजे तुम्ही सांगितलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं." मामा म्हणाले, "पाणी घ्या." मग जिग्नेशभाईंनी तो ठराव रद्द करायला खास मीटिंग बोलावली आणि मामांना चार शब्द बोलायची विनंती केली. चार शब्द, असं ते स्पष्ट म्हणाले होते. मामांनी किमयागारांपासून सुरुवात केली. पाऊण तास झाला तेव्हा ते नुकते कापड गिरण्यांपर्यंत आले होते. लोक घड्याळाकडे बघत होते, पण उठायची कोणाची हिंमत नव्हती, कारण पुढच्या रांगेत खुद्द वनिताबाई पदर खोचून बसल्या होत्या. बिल्डिंगमध्ये काकांना पुन्हा सर म्हणायचं ठरलं. मामांनी त्यावर पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं, की नको, काकाच बरं.

त्या मीटिंगनंतर वनिताबाई वर मामांच्या घरी आल्या. मामींनी त्यांना चहा दिला. मीही होते. वनिताबाईंचा आवाज अजून घोगरा होता. त्या म्हणाल्या, "काका, तुमी येवडा सांगलाव, पन मला येकच कलला. ह्यो अ‍ॅसिड मिठाचा हाय. मंजे आमच्या आगरावरच्या पान्याचाच ना?"

"तोच. म्युरिया म्हणजे मिठागराचं पाणी."

"माझा भाव अजून आगरावर हाय. खारीकडं. थोडीच ऱ्हायलीत आगरा. या कदी बघाला."

मामा चहाचा कप हातात तसाच धरून बसले. मग म्हणाले, "रविवारी येऊ?"

मी सोबत जायचं ठरलं, कारण मामींना त्यांना एकट्याला पाठवायचं नव्हतं. रिक्षाने खाडीच्या बाजूला उतरलो आणि बांधावरून चालू लागलो. मागे टॉवर, पुढे चौकोनी वाफे, त्यात उथळ पाणी आणि कडेला मिठाच्या लहान लहान राशी. मामांनी चपला काढून हातात घेतल्या. वनिताबाईंचा भाऊ वाफ्यात उभा होता, लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत. तो आमच्याकडे बघून थांबला. मी 'नमस्कार' म्हणणार, इतक्यात माझ्या शेजारून मामा बोलले.

"यंदा पीक कसा हाय?"

"बरा हाय," तो म्हणाला, जणू रोजच्या माणसाने विचारलं असावं. "पानी उशिरा आला, पन बरा हाय."

मामांच्या तोंडून ही भाषा मी कधी ऐकली नव्हती. माझ्या सासूबाई, म्हणजे मामांच्या बहीण, आपल्या वडिलांविषयी "आमचे बाबा मिठात होते" एवढंच सांगायच्या, आणि मी लग्नापासून समजत होते, की मिठाचं दुकान असणार, गोदाम असणार. बांधावर बसल्यावर मामांनी सांगितलं. त्यांचे वडील याच बाजूच्या आगरावर मजुरीला होते. हीच फळी, हेच काम. मामा मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका सरांनी त्यांना हायड्रोक्लोरिकची बाटली आणायला सांगितली. कपाटात त्या नावाची बाटलीच नव्हती. होती ती फार जुनी, काचेवरच अक्षरं कोरलेली, म्युरिअ‍ॅटिक अशी. दोन्ही एकच, हे मामांना ठाऊक नव्हतं; ते रिकाम्या हाताने परत आले आणि सगळा वर्ग हसला. दुपारी ते लायब्ररीत गेले. तिथल्या बाईंनी जाडा कोश काढून दिला, आणि एकेक अक्षर लावत त्यांनी अर्थ वाचला. खारं पाणी.

"मला काय वाटलं, सांगता येत नाही," मामा म्हणाले. "एवढी मोठी इमारत, एवढी इंग्रजी पुस्तकं, आणि त्यात एका बाटलीवर आमच्या घरातलं पाणी. मी त्या दिवशी घरी जायला इतका अधीर झालो होतो. बाबा आगरावरच होते. मी बांधावरूनच सांगितलं त्यांना. म्हटलं, बाबा, परदेशातले लोक शेकडो वर्षांपूर्वी या पाण्यावरून अ‍ॅसिडाला नाव देऊन गेलेत."

"मग ते काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं, ‘मंजे तिकडंबी मीठ हाय?’ मी म्हटलं, ‘हाय.’ तर म्हणाले, ‘बरा हाय मग.’ आणि लागले फळी ओढायला."

मामा हसले. मीही हसले. समोर वनिताबाईंचा भाऊ पाठ वाकवून मीठ कडेला ओढत होता, आणि फळीचा खर्र खर्र आवाज पाण्यावरून येत होता. मामा गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी मला काहीही समजावून सांगितलं नाही. ऊन वर आलं. "चल, तुझी मामी वाट बघत असेल," असं ते तीन वेळा म्हणाले. तिन्ही वेळा उठले मात्र नाहीत, आणि मीही घाई केली नाही.